आधी जागा ठरवा, मग माळ्यावर चढा : जुनं सोडून नव्यानं सुरुवात करण्यासाठी

घटस्थापना जवळ आली की कोल्हापुरात घराघरातून वाकळा, चादरी, पडदे बाहेर निघतात. गच्च्या भरून जातात, दोरीवर चिमट्यालाही जागा उरत नाही. अंबाबाईच्या देवळातही याच सुमारास स्वच्छता होते, देवीचे दागिने उजळले जातात. पण बहुतेक घरांतली ही मोहीम धुण्यापुसण्यावरच थांबते. माळ्यावरचं सगळं खाली येतं, फडक्यानं पुसलं जातं आणि जसंच्या तसं पुन्हा वर जातं. मोडकी इस्त्री, लग्नातल्या आहेराची न उघडलेली खोकी, कुणाच्या तरी दहावीच्या वह्या, वडिलांचा चष्मा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

यामागं आळस नसतो, हे मी खात्रीनं सांगते. दिवसभर शिडीवर चढ-उतार करणारी बाई आळशी कशी असेल? अडचण वेगळीच असते. वस्तू हातात घेतली की ती जाणार कुठं, याचं उत्तर आपल्याकडं नसतं. कचऱ्यात टाकायला मन धजत नाही, कारण ती कष्टाच्या पैशातून आलेली असते. घ्यायला कोणी समोर उभं नसतं. मग तोंडातून आपोआप निघतं, "ऱ्हाऊ दे की, लागतंय कवातरी."

म्हणून या लेखातली पद्धत नेहमीच्या आवराआवरीच्या उलटी आहे. आधी प्रत्येक प्रकारच्या वस्तूची पुढची जागा ठरवायची आणि मगच माळ्याला हात लावायचा. जागा ठरली की हात सुटतो. मनात साठलेल्या गोष्टींचंही तसंच आहे. "विसरून जा" म्हटल्यानं कुणी काही विसरत नाही. त्या रागाला, त्या दुःखाला जायला वाट लागते.

दिवस कोणते निवडावेत

माझ्या मते पितृपक्षाचा पंधरवडा यासाठी सगळ्यात चांगला. या दिवसांत आपल्याकडं नवी खरेदी टाळतात, त्यामुळं घरात नवं काही येत नाही. गेलेल्या माणसांची आठवण तशीही घरात चालू असते, त्यांच्या वस्तूंबद्दल बोलणं त्या दिवसांत अवघड वाटत नाही. आणि सर्वपित्री झाली की सहसा दुसऱ्याच दिवशी घट बसतात, म्हणजे काम संपवायची तारीख आपोआप ठरलेली असते.

पंचगंगेच्या पूरपट्ट्यातल्या घरांसाठी मात्र मे महिना. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे तिथल्या लहान पोरांनाही पाठ असतात. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी पाहिला, त्यांना ठाऊक आहे की पाणी दारात आल्यावर काय वर न्यायचं हे ठरवायला वेळच मिळत नाही. त्या घाईत माणसं मिक्सर उचलतात आणि खरेदीखत खाली राहतं. ती निवड कोरड्या दिवसांत, शांत डोक्यानं करून ठेवायला हवी.

रोज दोन तास पुरेत. सलग आठ तास बसाल तर शेवटी थकून सगळंच "ठेवा" म्हणाल.

पहिलं काम : ठिकाणांची यादी

एक वही घ्या. अजून काहीही उचलू नका. कुठली वस्तू कुणाकडं जाईल ते लिहा, शक्य तिथं आधी फोन करून विचारून घ्या.

रद्दी आणि भंगार हे सोपं. फक्त तांबं, पितळ, ॲल्युमिनियम आणि लोखंड वेगवेगळं करून ठेवा. तांब्या-पितळेचा भाव लोखंडाच्या कित्येक पट असतो आणि सगळं एकाच पोत्यात गेलं तर भाव लोखंडाचा मिळतो. निदान दोन ठिकाणी दर विचारा.

वापरण्याजोगे कपडे द्यायला शहरात दिवाळीच्या सुमारास 'माणुसकीची भिंत' उभी राहते. ओळखीतलं एखादं वसतिगृह, वृद्धाश्रम, घरकामाला येणाऱ्या मावशींची वस्ती हीही ठिकाणं आहेत, पण विचारून. पुराच्या वेळी मदतीत फाटक्या, मळक्या कपड्यांचे ढीग कसे पडून राहतात ते आपण पाहिलं आहे. द्यायचा कपडा धुतलेला, बटणं लावलेला, इस्त्री केलेला असावा. जो आपण घरी आलेल्या पाहुण्याला देणार नाही, तो दान म्हणून देऊ नये.

पुस्तकांसाठी आपल्या पेठेतलं वाचनालय बघा. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं, पण कुठल्याही वाचनालयाला सगळीच पुस्तकं नको असतात. आधी नावांची यादी पाठवा, त्यांनी निवडलेली द्या. जुन्या पाठ्यपुस्तकांना अभ्यासक्रम बदलल्यावर कुणी वाली नसतो, ती सरळ रद्दीत.

बंद पडलेले मोबाईल, चार्जर, संगणक ई-कचऱ्यात जातात, घंटागाडीत नाही. देण्याआधी मेमरी कार्ड काढा, फोनमधली सगळी माहिती पुसून टाका. मुदत संपलेली औषधं, बॅटऱ्या, ट्यूबलाइट, पाऱ्याचा थर्मामीटर, इंजेक्शनच्या सुया हा घरगुती घातक कचरा. वेगळ्या पिशवीत, वर लिहून, कचरा नेणाऱ्याच्या हातात सांगून द्या. त्याच्या हाताला सुई टोचू नये ही काळजी आपलीच आहे.

आणि एक 'शंकेचं खोकं'. एकच. त्याचं काय करायचं ते शेवटी येईल.

ही यादी झाली की मगच उठा.

सुरुवात फोटोंपासून करू नका

अल्बम उघडला की दुपार गेली. क्रम असा ठेवा: औषधाचा डबा, स्वयंपाकघराचे कप्पे, कपडे, कागद, माळ्यावरची भांडी, देवघर, गेलेल्या माणसांच्या वस्तू आणि सगळ्यात शेवटी फोटो. सोप्या निर्णयांनी हात बसतो आणि अवघडाकडं येईपर्यंत मनाची तयारी होते.

दोन नियम पहिल्या दिवसापासून. दुसऱ्याची वस्तू त्याच्या माघारी काढायची नाही, मग ती सासूबाईंची पत्र्याची ट्रंक असो की पोराचं क्रिकेटचं ग्लोव्ह. माघारी काढलेल्या एका वस्तूमुळं घरातला माणूस पुढची दहा वर्षं काहीच सोडू देत नाही. दुसरा नियम, काहीही बाहेर जाण्याआधी तपासायचं. साडीच्या घडीत, पोथीच्या पानांत, तांदळाच्या डब्याच्या तळाशी, गादीच्या खोळीत. आपल्या आज्ज्यांनी बँकेपेक्षा या जागांवर जास्त विश्वास ठेवला होता.

त्यातून जुन्या नोटा निघाल्या तर एवढं लक्षात ठेवा. ८ नोव्हेंबर २०१६ ला बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा आठवण म्हणून ठेवता येतात, पण १० पेक्षा जास्त जवळ बाळगणं २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. २००० ची नोट २०२३ मध्ये चलनातून मागं घेतली असली तरी तिचे पैसे बुडत नाहीत. ती रिझर्व्ह बँकेच्या ठरलेल्या कार्यालयांत जमा करता येते. राज्यात अशी कार्यालयं मुंबई, बेलापूर आणि नागपूरला आहेत.

कागद : इथं थांबून काम करा

आवराआवरीत सगळ्यात जास्त नुकसान कागदांत होतं, आणि सगळ्यात जास्त फायदाही.

सगळे कागद एका चटईवर ओता आणि चार ढीग करा.

पहिला, जन्मभर जपायचा. खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, जुने फेरफार, जन्म-मृत्यू-लग्नाचे दाखले, जातीचा दाखला आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखला. हा शेवटचा कागद जात पडताळणीच्या वेळी सोन्याच्या मोलाचा ठरतो. सातबारा आणि प्रॉपर्टी कार्डाच्या झेरॉक्सचे गठ्ठे मात्र सोडून द्या. ताजा, डिजिटल स्वाक्षरीचा उतारा सरकारी संकेतस्थळावरून मिळतो.

दुसरा, काही वर्षं ठेवायचा. आयकराची विवरणपत्रं आणि त्यांचे पुरावे आठ वर्षं ठेवले की निर्धास्त. कर्ज फिटल्याचा दाखला मात्र पहिल्या ढिगात टाका, तो कधीही मागतात.

तिसरा, चौकशी करायचा. आजोबांचं बँकेचं पासबुक, कुठल्याशा कंपनीचं शेअर सर्टिफिकेट, विम्याची जुनी पॉलिसी. "हे आता काय कामाचं" म्हणून फाडू नका. बँकेत दहा वर्षं हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण त्यावरचा वारसाचा हक्क जात नाही. २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' नावाचं पोर्टल आहे. तिथं नाव आणि पॅनसारखा एखादा तपशील घालून त्यात सहभागी असलेल्या बँकांमधली बेवारस ठेव शोधता येते. शेअरचा लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नसेल तर ते शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडं जातात. तिथूनही वारसाला दावा करून परत मिळवता येतात. वेळ लागतो, कागद लागतात, पण ते आपलंच आहे.

चौथा ढीग फाडायचा. आधारच्या, पॅनच्या झेरॉक्स, जुने चेक, बँकेची पत्रं हातानं बारीक फाडा, तशीच रद्दीत घालू नका. लग्नपत्रिका, हमीची मुदत संपलेल्या वस्तूंच्या पावत्या, विजेची जुनी बिलं रद्दीत.

याच चटईवर कधी मोडी लिपीतला कागद निघतो. वाचता येत नाही म्हणून तो रद्दीत गेला तर गेलाच. करवीर संस्थानातल्या घरांत असे कागद पुष्कळ आहेत. कोल्हापुरात जुने दस्तऐवज जपणारं पुराभिलेखागार आहे आणि मोडी वाचणारी माणसंही आहेत. आधी फोटो काढा, दाखवा, मग ठरवा.

जपायचा ढीग प्लास्टिकच्या घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत, घरातल्या सगळ्यात उंच फळीवर. प्रत्येक कागदाचा स्पष्ट फोटो मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्येही. पूरपट्ट्यातल्या घरात ही पिशवी दाराच्या जवळ, हात उंचावला की मिळेल अशी हवी.

भांडी आणि त्यावरची नावं

कोल्हापूरच्या माळ्यावर पितळ असतंच. घागरी, परात, ताट-वाट्यांचे संच, पाणी तापवायचा तांब्याचा बंब. आणि प्रत्येकावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव. माझ्या आत्याकडं एक पितळी डबा आहे. झाकणाच्या कडेला तिच्या आईचं नाव, त्याखाली लग्नाचं साल आणि शेवटच्या अक्षराशी नाव घालणाऱ्याचा हात घसरल्याची एक लांब रेघ. डबा तळाला फुटलेला, त्यात काहीही राहत नाही. तरी तो तीनदा मोडीत निघाला आणि तीनदा परत आला. त्या रेघेमुळं.

हे का होतं, यावर एक जुना प्रयोग आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अर्ध्या विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले, अर्ध्यांना दिले नाहीत. ज्यांच्याकडं मग होता त्यांनी विकायला सांगितलेली किंमत, बाकीचे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. काही मिनिटांच्या मालकीनं हे होत असेल तर आईचं नाव कोरलेल्या डब्याचं काय सांगावं! म्हणून स्वतःला निर्दयपणे तोलू नका. "हे आज माझ्याकडं नसतं तर मी बाजारातून विकत आणलं असतं का?" एवढाच प्रश्न विचारा. भांड्यांच्या बाबतीत तो हमखास चालतो.

आता करायचं काय. नाव कोरलेल्या प्रत्येक भांड्याचा फोटो, अक्षरं नीट दिसतील असा, तिरप्या उजेडात घ्या. फोटो काढल्यावर आठवणीची वस्तू सोडणं सोपं जातं, हे अमेरिकेत विद्यार्थ्यांवर केलेल्या एका अभ्यासातही दिसलं आहे. मग त्यातलं एक भांडं रोजच्या वापरात आणा. कल्हई करून घ्या, पाण्याचा तांब्या ठेवा, पिठाचा डबा करा. माळ्यावर वीस भांडी झाकून ठेवण्यापेक्षा आईच्या एका तांब्यातून रोज पाणी पिणं हा तिचा जास्त मान आहे, असं मला मनापासून वाटतं. बाकीची आधी भाच्या-पुतण्यांना विचारा, कुणी घेतलं नाही तर मोडीत घाला. ती मोड घेऊन त्याच पैशांत एखादं रोज लागणारं चांगलं भांडं घेतलं तर मनाला रुखरुख राहत नाही.

आहेरात आलेले, कधी न उघडलेले काचेचे सेट? ते कुणाच्या तरी नव्या संसाराला द्या. पुन्हा आहेर म्हणून फिरवू नका.

तालमीच्या, मंडळाच्या, फुटबॉलच्या ढाली आणि चषक यांचंही असंच. कोल्हापुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. सगळ्या एका रांगेत लावून एक मोठा फोटो काढा, ज्याचा अभिमान आहे तेवढ्या दोन समोर ठेवा, मंडळाला बाकीच्या हव्यात का विचारा.

लुगडी, साड्या आणि वाकळ

कपड्यांत फार वेळ घालवू नका. दोन पावसाळे अंगाला न लागलेला कपडा द्यायचा. "बारीक झाल्यावर घालीन" हा कपडा तर आधी द्यायचा, तो रोज कपाट उघडलं की मन खट्टू करतो.

अपवाद आईच्या, आज्जीच्या सुती साड्यांचा. त्यांच्यासाठी आपल्या मुलखात फार सुंदर वाट आहे आणि ती विसरली जाते याचं वाईट वाटतं. वाकळ शिवून घ्या.

त्यासाठी सुती लुगडी आणि इरकली उत्तम. नायलॉन, जॉर्जेट घेऊ नका, थर सरकतात आणि धुताना गोळा होतात. बाहेरच्या दोन बाजूंना धड राहिलेल्या साड्या, मध्ये विरलेल्या. काठ आधी उसवून वेगळे काढा, ते शेवटी किनारीला लावता येतात. जमिनीवर एकेक थर ताणून अंथरा, सुरकुती राहू देऊ नका, कडेनं मोठे कच्चे टाके घाला. मग बाहेरच्या कडेपासून आत आत धावदोऱ्याच्या ओळी. ओळींमधलं अंतर बोटभर. पेठांमधून आणि आसपासच्या खेड्यांतून अजून अशा बाया आहेत ज्या मजुरी घेऊन वाकळ शिवून देतात. त्यांना योग्य मजुरी द्या, घासाघीस करू नका. एक वाकळ शिवायला पाठ मोडते.

अस्सल जरीच्या साड्या दारावर आलेल्या जरीवाल्याला कधीही देऊ नका. ओळखीच्या सोनाराकडून चांदीचा अंश तपासून घ्या.

देवघर

हा भाग लोक घाबरून टाळतात. भंगलेली मूर्ती, झिजलेले टाक, फुटक्या काचेच्या तसबिरी, जत्रांतून आणलेले फोटो. रात्री गुपचूप पिंपळाच्या पारावर ठेवून येणं किंवा पंचगंगेत सोडणं हे दोन्ही नको. पारावर त्या तसबिरी पावसात भिजत पडतात आणि नदी आपलीच आहे, तिचं पाणी खालची गावं पितात. घरगुती गणपती मूर्तिदान करण्याची चांगली सवय याच शहरानं लावून घेतली आहे, तोच विचार इथंही चालतो.

जोतिबाचा, खंडोबाचा झिजलेला टाक सोनाराकडं जातो आणि त्याच चांदीत भर घालून नवा होतो. ही जुनीच रीत आहे. पितळी मूर्ती भावकीत कुणाला हवी का विचारा. तसबिरीची काच, लाकडी चौकट आणि कागद वेगळे करा. काच जाड कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात, कागद पाण्यात भिजवून लगदा करून कुंडीच्या मातीत. मातीची मूर्ती घरीच बादलीत विरघळवून ती माती झाडांना. आधी हळद-कुंकू वाहा, नमस्कार करा. घाई नाही.

गेलेल्या माणसाच्या वस्तू

यात कुणाचाही सल्ला शेवटचा मानू नका, माझाही नाही. काही घरांत दिवसकार्य झालं की कपडे देऊन टाकतात, काही घरांत वर्षभर खुंटीवरचा सदरा हलत नाही. दोन्ही बरोबर. तरीही वर्षश्राद्ध ही मुदत मला योग्य वाटते. त्याआधी दुःखाच्या भरात दिलेल्या वस्तूंची हळहळ राहते आणि फार लांबलं तर ती खोली बंदच पडते.

बसताना एकट्यानं बसू नका. ज्याला त्या माणसाच्या गोष्टी ऐकायच्या आहेत असं कुणीतरी शेजारी हवं. एकेक वस्तू हातात घ्या, आठवेल ते बोला, रडू आलं तर रडा. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, वॉकर या गोष्टी दुसऱ्या कुणाला तरी आजच लागत असतात, त्या आधी मार्गी लावा. मग घरातल्या प्रत्येकानं एकच वस्तू निवडायची, वापरता येईल अशी. घड्याळ, पेन, अडकित्ता.

फोनचं मात्र सांभाळून. त्यांच्या आवाजातले व्हॉट्सॲपवरचे निरोप दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. बँक, विमा, पेन्शन, गॅसजोडणी यांचं काम पूर्ण होईपर्यंत त्यांचं सिम चालू ठेवा, थोडा रिचार्ज मारत राहा. ९० दिवस न वापरलेलं सिम बंद होऊ शकतं आणि तो नंबर पुढं दुसऱ्या कुणाला मिळतो.

मनातला माळा

वस्तू काढताना माणसं वर येतात. ज्या दिराशी वाटणीवरून बोलणं बंद झालं त्याच्या लग्नातला फोटो, ज्या मैत्रिणीला हातउसने दिले आणि परत आले नाहीत तिनं दिलेली वाटी. हे दाबू नका. त्याच वहीच्या मागच्या पानांवर नावं लिहून ठेवा आणि घर आवरून झाल्यावर त्याकडं या.

पहिली वाट लिहिण्याची. जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक गोष्टीबद्दल मनात येईल ते लिहायचं. लिहून झाल्यावर लगेच वाईटच वाटलं, पण पुढच्या महिन्यांत, घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा लहान आणि माणसागणिक वेगळा दिसला आहे, तरी पद्धत बिनखर्चाची आहे. शुद्धलेखन बघू नका, कुणाला दाखवू नका. काय झालं तेही लिहा आणि काय वाटलं तेही. लिहून फारच अस्वस्थ व्हायला लागलं तर तिथंच थांबा.

चौथ्या दिवशी प्रत्येक नावापुढं तीनांपैकी एक लिहा: बोलायचं, मागायचं, मिटवायचं.

'बोलायचं' असेल तर दिवस ठरवा आणि एकच गोष्ट बोला. "वैनी, आईच्या आजारपणात तुम्ही आला नाहीत, ते मला लागलं," एवढंच. मागची वीस वर्षं काढू नका. समोरून हवं ते उत्तर येईलच असं नाही, पण तुमच्याकडचं ओझं उतरतं. 'मागायचं' असेल तर रक्कम आणि मुदत स्पष्ट सांगा, भिशीतली बाकी असो की हातउसने. 'मिटवायचं' असेल तर वहीत ती रक्कम खोडा आणि पुन्हा त्या माणसाच्या माघारी तो विषय काढू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

इथं एक गोष्ट ठासून सांगायची आहे, विशेषतः बहिणींना. मन मोकळं करणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं. "जाऊ दे, भांडण नको," या भावनेच्या भरात हक्कसोडपत्रावर सही करू नका. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क दिला आहे आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. (२० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या रीतसर वाटण्या याला अपवाद आहेत.) हक्क सोडायचाच असेल तर जरूर सोडा, पण तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून कागद वाचून घेऊन, काही महिन्यांनी, शांतपणे. भावाबद्दलचा राग सोडून हिस्सा ठेवता येतो. दोन्ही एकाच वेळी करता येतं आणि त्यात काही वाईट नाही.

काही घरांत प्रश्न सवयीच्या पलीकडं गेलेला असतो. झोपायच्या कॉटवरही सामान, चालायला वाट नाही, रिकामी पिशवी उचलली तरी माणूस थरथरायला लागतो. हा हट्ट नसतो. अतिसाठवणीला मानसोपचारात २०१३ पासून स्वतंत्र आजार म्हणून जागा आहे. अशा माणसाचं घर तो बाहेर गेल्यावर रिकामं करणं ही क्रूरता होईल. मानसोपचारतज्ज्ञांकडं न्या किंवा आधी टेलिमानसच्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर बोला, मराठीतून बोलता येतं. गेलेल्या माणसाच्या दुःखातून महिनोन्महिने बाहेर येता येत नसेल, जेवणझोप उडाली असेल, तरी हाच नंबर.

रिकामी झालेली जागा आणि शंकेचं खोकं

आता सामान प्रत्यक्ष घराबाहेर काढा. ज्या दिवशी ठरलं त्याच आठवड्यात. दाराशी पोती भरून ठेवली की घरातलं कुणीतरी त्यातून एकेक वस्तू परत उचलतं, हे ठरलेलं.

रिकामी फळी लगेच भरू नका. दसऱ्याला आणि दिवाळीला महाद्वार रोडवर, गांधीनगरला खरेदीची झुंबड उडते. त्याआधी घरात काय नाही ते बघून यादी करा आणि तेवढंच आणा. कुणी आहेर विचारलं तर संकोच न करता सांगा की वस्तू नको, पुस्तक द्या किंवा जेवायला या.

शंकेच्या खोक्यात ज्यांचं काहीच ठरलं नाही त्या वस्तू. आत काय आहे ते बाहेर लिहू नका, फक्त तारीख लिहा आणि चिकटपट्टी लावा. घटस्थापना ते गुढीपाडवा हा साधारण सहा महिन्यांचा काळ. या दिवसांत एखादी वस्तू खरंच लागली तर खोकं उघडून काढून घ्या, ती तुमची. पाडव्याच्या आधीच्या रविवारी घरातल्या सगळ्यांसमोर ते उघडा. ज्या वस्तूची कुणालाच आठवणसुद्धा आली नाही, ती वहीतल्या यादीप्रमाणे जाईल त्या ठिकाणी त्याच दिवशी पोचवा. एखादी वस्तू बघून कुणाचा चेहरा उजळला, तर ती खोक्यातून काढून समोरच्या फळीवर ठेवा, पुन्हा माळ्यावर नाही.